नाळेतले रक्त साठवावे का?

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला आठवा महिना लागला आहे. सोनोग्राफीच्या वेळी एका खासगी बँकेचा प्रतिनिधी भेटला. बाळाच्या नाळेतले रक्त साठवून ठेवल्यास त्यातल्या स्टेम सेल पुढे कॅन्सरपासून मधुमेहापर्यंत कशालाही उपयोगी पडतील, असे तो सांगतो. पाऊण लाख रुपये भरायचे, तर यंदाच्या आंब्याचे निम्मे पैसे त्यातच जातील. काय करावे? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : पैसे भरू नयेत.

नाळेच्या रक्तात रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) असतात, हे खरे आहे. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या एका मुलाला नाळेतले असे रक्त देण्यात आले आणि तो बरा झाला. मात्र ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचे होते, त्याचे स्वतःचे नव्हे. प्रतिनिधी नेमके हेच सांगत नाहीत. थॅलेसेमियासारखा आजार जनुकांतून येतो, त्यामुळे बाळाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, आणि ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, पूर्वचिन्हे जन्माच्या वेळच्या रक्तातच असू शकतात. थोरल्या भावंडाला असा आजार असेल, तर धाकट्याच्या नाळेचे रक्त अवश्य राखावे. आपल्याकडे पहिलेच बाळंतपण असल्याने तो प्रश्न येत नाही.

मधुमेहाबाबतचा दावा तर निव्वळ विक्रीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांवरील मूळ पेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर इतर वापर केवळ संशोधनातली चाचणी म्हणूनच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

पूर्वी वार परसात पुरत असत; आता तिच्या नाळेतले रक्त उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवण्यासाठी पैसे मोजायला सांगतात. त्यापेक्षा ते रक्त बाळाच्याच अंगात जाऊ द्यावे. जन्मानंतर निळसर, फुगलेली नाळ काही काळ ठोके देत राहते आणि मग पांढरी पडून मलूल होते. तेवढ्या वेळात बाळाला मिळालेल्या रक्तातून पुढच्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना नाळ एक मिनिटाच्या आत न कापण्याचा सल्ला देते. बाटली भरण्याच्या घाईत नेमका हाच वेळ कमी होण्याची भीती असते. बाळ-बाळंतीण ठीक असल्यास थोडे थांबून नाळ कापावी, असे आपल्या डॉक्टरांना आताच सांगून ठेवावे, आणि कळा सुरू झाल्यावर पुढे केलेल्या कोणत्याही फॉर्मवर न वाचता सही करू नये.