विमा आणि आपण : नवऱ्याचा नो क्लेम बोनस बायकोच्या गाडीला चालतो का?

प्रश्न : ताई, मी जामसंड्याला राहते. मिठबावजवळच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या यांच्या नावावर 2014 सालची गाडी आहे. आजवर एकही क्लेम नाही, त्यामुळे 50 टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत) मिळतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून मीच चालवते. आता माझ्या पगारावर कर्ज काढून नवी गाडी घेतेय, माझ्याच नावावर. जुनी पुतण्याला देणार आहोत. शोरूममधला विम्याचा माणूस म्हणतो, ‘घोवाचा ता बायलेचा, एनसीबी तुमच्या पॉलिसीक लावून टाकतंय.’ त्याने दिलेल्या कोटेशनमध्ये 50 टक्के सवलत धरलेलीसुद्धा आहे. हे बरोबर आहे का? माझ्या स्कूटरलाही गेली सहा वर्षं क्लेम नाही, तिचा एनसीबी तरी या गाडीला लावता येईल का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : बाई, आधी त्या कोटेशनवर सही करू नका. सही झाली असेल तर आजच शोरूमला फोन करा आणि ‘एनसीबी शून्य’ असं लिहिलेलं नवं कोटेशन मागून घ्या. बाकीचं सावकाश वाचा.

कुडाळला विमा कार्यालयात मोटार विभागात मी 24 वर्षं काढली. नवऱ्याची सवलत बायकोला लावण्याचं हे प्रकरण दर दोन-तीन महिन्यांनी टेबलावर यायचं. नवरा-बायकोचं बँक खातं एक, रेशनकार्ड एक, मग एनसीबी वेगळा कसा, असं लोकांना मनापासून वाटतं. त्यात लबाडी नसते. पण 2002 सालच्या मोटार टॅरिफमधला, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमपुस्तकातला, नियम 27 याबाबत स्पष्ट आहे. एनसीबी ही विमा उतरवणाऱ्या माणसाची कमाई आहे, गाडीची नाही. पॉलिसीवर ज्याचं नाव, त्याचाच तो. पती हयात असताना तो पत्नीला देता येत नाही, पत्नीचा पतीला देता येत नाही, मुलाला तर नाहीच. यांची जुनी गाडी उद्या तुमच्या नावावर करून घेतलीत, तरी तिच्याबरोबर 50 टक्के येणार नाहीत. पुतण्यालाही ते मिळणार नाहीत. गाडी त्याच्या नावावर झाली की चालू पॉलिसीच्या उरलेल्या दिवसांपुरता सवलतीचा फरक त्याला भरावा लागेल. पॉलिसी नावावर करून घेण्याचा अर्ज त्याने 14 दिवसांच्या आत द्यावा, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.

खोटा एनसीबी लावला तर काय होतं? पहिले काही महिने काहीच होत नाही, म्हणूनच शोरूमवाले बिनधास्त लावतात. पण प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, ‘मी सांगितलेला एनसीबी खरा आहे’ असं एक वाक्य असतं आणि त्याखाली तुमची सही असते, शोरूमवाल्याची नसते. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते, तेव्हा तिथे नाव निघतं तुमच्या पतींचं. माहिती चुकीची ठरली की पॉलिसीच्या पहिल्या विभागाचे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, सगळे फायदे जातात. एका जोडप्याची गाडी करूळ घाटात कठड्यावर आपटली होती. बॉनेट पार आत गेलेलं, रेडिएटर फुटलेला. सर्व्हेअरने फोटो काढले, बिल ठरलं आणि मग एनसीबीचं पत्र आलं. ती बाई समोरच्या खुर्चीत बसून फॉर्मवरची आपलीच सही बोटाने दाखवत होती आणि म्हणत होती, ‘मी नुसती सही केली हो, वाचलं नाही.’ त्या दिवशी मला तिच्यासाठी काहीच करता आलं नाही. तुमची पॉलिसी तशीच निघाली असेल तर स्वतःहून कंपनीला लेखी कळवा, फरक भरा आणि दुरुस्तीचं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेला बदलाचा कागद) घ्या. अपघाताच्या आधी केलेली दुरुस्ती निभावते.

स्कूटरचं उत्तरही नाहीच. एनसीबी एकाच वर्गातल्या वाहनावर जातो, कारचा कारवर, दुचाकीचा दुचाकीवर. तुमचे स्कूटरचे 50 टक्के स्कूटरजवळच राहतील. सहा वर्षं त्या रस्त्यांवर एकही क्लेम न करता स्कूटर चालवलीत, त्याचं मोल गाडीच्या पॉलिसीत धरलं जाऊ नये, हे मला स्वतःला पटत नाही. पण नियम तसा आहे.

मग नवी गाडीच यांच्या नावावर घ्यावी का? एनसीबीपुरता तो मार्ग सरळ आहे. जुनी गाडी विकली की पती आपल्या कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घेऊ शकतात. ते 3 वर्षं चालतं आणि त्यांच्या नावाच्या नव्या गाडीला लागू होतं. गाडी त्यांची आणि चालवणाऱ्या तुम्ही, यालाही विम्याची हरकत नाही. चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं, एवढंच. मात्र मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच मिळतो. म्हणजे रोज स्टिअरिंगवर तुम्ही आणि ते 15 लाख तुमच्यासाठी नाहीत.

आता या सवलतीची खरी किंमत काढू. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर असतो. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या, हप्त्यावर कुणालाच नसतो, आणि नव्या कारला तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. समजा तुमच्या नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता 14,000 रुपये आहे, जीएसटी सोडून. पतींच्या नावावर तो 7,000 होईल. तुम्ही शून्यापासून सुरुवात केलीत तर क्लेम न करता एका वर्षाने 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. दर वर्षीचा फरक मांडा : 7,000, 4,200, 3,500, 2,100 आणि शेवटी 700. एकूण 17,500. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, दर वर्षी उतरते, तसा हप्ताही उतरतो, म्हणजे प्रत्यक्षात पंधरा हजारांच्या आसपास. तेही पाच वर्षांत मिळून.

पंधरा हजार कमी नाहीत, मला ठाऊक आहे. पण एवढ्यासाठी गाडी दुसऱ्याच्या नावावर घेऊ नका. कर्जाचा हप्ता तुमच्या पगारातून जाणार, चालवणार तुम्ही. आपल्याकडे घर, कलमांची बाग, होडी सगळं पुरुषाच्या नावावर असतं. बाईच्या नावावर स्कूटर आणि गॅसची टाकी. आरसीवर तुमचं नाव लागू द्या. पाच वर्षांनी जो 50 टक्के होईल तो तुमचा स्वतःचा असेल आणि पुढच्या गाडीलाही तुमच्याबरोबर येईल. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळा. रिन्यूअल चुकवू नका. मुदत संपून 90 दिवस उलटले की साठलेला एनसीबी शून्य होतो. आणि यांच्याकडून राखीव पत्र तरीही घेऊन ठेवा. तीन वर्षांत घरात त्यांच्या नावावर दुसरी एखादी जुनी-नवी गाडी आलीच तर उपयोगी पडेल.

प्रश्न : माडावरून नारळ पडून पुढची काच फुटली. गाडी मिस्टरांची, लावली होती मी. बिल सहा हजार. क्लेम केला तर त्यांचा 50 टक्के एनसीबी जाईल का? चूक तर माझी.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : जाईल. गाडी कुणी लावली, कुणी चालवली हे एनसीबी बघत नाही, त्या पॉलिसीवर क्लेम झाला की नाही एवढंच बघतो. एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं जोड-संरक्षण) घेतलेलं असेल तर वाचेल; पॉलिसीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर हे सहा हजार खिशातून द्या. क्लेममधून 1,000 रुपये सक्तीचे वजा होतात (गाडी 1500 सीसीच्या वरची असेल तर 2,000), म्हणजे हातात येणार पाच. मूळ ओन डॅमेज हप्ता 9,000 असेल तर 50 वरून शून्यावर येऊन परत 50 पर्यंत चढेस्तोवर, वरच्याच हिशेबाने, अकरा हजारांच्या आसपास जातात. आणि चूक तुमची कसली? नारळ पाडणाऱ्याला वेळेवर बोलवायचं काम घरात सगळ्यांचंच.

प्रश्न : माझे यजमान पाच आठवड्यांपूर्वी गेले. गाडी त्यांच्या नावावर आहे, एनसीबी 45 टक्के. मला गाडी येत नाही, मुलगा चालवेल. एजंट म्हणतो एनसीबी संपला.
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : वहिनी, तुम्हाला पोस्टाने उत्तर आधीच पाठवलं आहे. तुमच्यासारख्या आणखी कुणाला उपयोग व्हावा म्हणून इथेही लिहिते.

एजंट चुकतोय. वर म्हटलं की एनसीबी दुसऱ्या माणसाकडे जात नाही, पण त्याला एक अपवाद आहे आणि तो हाच. विमाधारकाच्या मृत्यूनंतर गाडीचा ताबा आणि वापर पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे गेला तर त्याचा एनसीबी त्यांना मिळतो. तुमचे 45 टक्के शाबूत आहेत.

वेळ मात्र थोडा आहे. चालू पॉलिसी मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवरच चालते. आरटीओला 30 दिवसांत मृत्यू कळवायचा असतो, ते राहिलं असेल तर उद्याच मुलाला पाठवा. नाव बदलायचा अर्ज फॉर्म 31 वर, तीन महिन्यांच्या आत. कंपनीला मृत्यूचा दाखला, गाडी तुमच्याकडे आल्याचा पुरावा आणि मूळ पॉलिसी लागते. गाडी तुमच्या नावावर होऊ शकते, त्यासाठी लायसन्सची गरज नाही. फक्त मालक-चालकाचा अपघात विमा तुम्हाला मिळणार नाही. मुलाचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा.

माझे यजमान 2017 साली गेले. पंधराव्या दिवशी मी गाडीचा ग्लोव्ह बॉक्स उघडला. आत त्यांचा चष्म्याचा डबा, पेट्रोलच्या पावत्या आणि पॉलिसीचं पाकीट. पाकिटावर त्यांच्या अक्षरात ‘रिन्यूअल 8 ऑक्टो., विसरू नये’. ते घेऊन कंपनीत गेले, तर काउंटरवरच्या मुलाने मान न उचलता सांगितलं, मालक गेले, एनसीबी झीरो. नियम मला पाठ होता. दुसऱ्या दिवशी नियम 27 ची झेरॉक्स नेली, तेव्हा त्याने साहेबांना विचारलं आणि 50 टक्के लागले. घरी येताना मला त्या सगळ्या बायकांची आठवण येत होती, ज्या ‘झीरो’ ऐकून निमूटपणे पूर्ण पैसे भरून गेल्या असतील.

म्हणून वहिनी, एजंटशी तोंडी बोलत बसू नका. कंपनीच्या शाखेला साध्या कागदावर पत्र द्या : ‘पतींच्या निधनानंतर गाडीचा ताबा व वापर माझ्याकडे आहे, मोटार टॅरिफच्या नियम 27 प्रमाणे त्यांचा 45 टक्के एनसीबी माझ्या नावे द्यावा.’ खाली पॉलिसी नंबर आणि गाडीचा नंबर. दोन प्रती करा आणि तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका.