क्वांटची क्रमवारी आणि कर्जाचा हप्ता

परदेशातल्या ॲडमिशनचे निकाल लागायला लागले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, यादीत वरचं कॉलेज सोडून खालचं घेतलं तर मुलाचं नुकसान होईल का?" क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या, म्हणजे बाजारातले व्यवहार आणि जोखीम गणिताने मोजायला शिकवणाऱ्या 'क्वांट'च्या मास्टर्सला हा घोर जरा जास्तच लागतो. एमबीएसारखी या कोर्सची नावं घरात कुणी ऐकलेली नसतात, त्यामुळे आधाराला उरते ती फक्त यादी.

अशीच एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात एका परदेशी बँकेच्या मॉडेल व्हॅलिडेशन (बँकेची गणिती मॉडेलं तपासणाऱ्या) टीममध्ये नोकरीला. हातात दोन ॲडमिट: अटलांटाचं जॉर्जिया टेक आणि एनवाययूचं, म्हणजे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं टँडन. वडील सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, मुलासाठी राहता फ्लॅट तारण ठेवायला तयार. या कोर्सची क्रमवारी लावणाऱ्या क्वांटनेट आणि रिस्क डॉट नेट या दोन वेबसाइटच्या याद्यांचे प्रिंटआउट त्यांनी आणले होते. दोन्हींतला क्रम वेगळा. "यातली खरी कुठली, तेवढं सांगा," म्हणाले.

त्यात न्यू जर्सीच्या मावशीने फोनवर सांगून ठेवलेलं, "एनवाययू म्हणजे डोळे झाकून घे." मावशीच्या डोक्यात होतं ते तिथलं गणितासाठी नावाजलेलं कूरांट इन्स्टिट्यूट. एनवाययूमध्ये कूरांटचा 'मॅथेमॅटिक्स इन फायनान्स' वेगळा आणि ब्रुकलिनमधल्या टँडन इंजिनिअरिंग स्कूलचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा कोर्स वेगळा. कोलंबियातही गणित विभागाचा कोर्स निराळा, इंजिनिअरिंगचा निराळा. उलट, नातेवाइकांना नाव सांगून काहीच कळणार नाही असं बरूक कॉलेज. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठातलं, आणि क्वांटनेटच्या यादीत गेली काही वर्षं प्रिन्स्टनच्या बरोबरीने अगदी वर. विद्यापीठाचं नाव आणि कोर्सचं वजन यांची इतकी फारकत दुसऱ्या फार थोड्या विषयांत दिसते.

(जाता जाता: क्वांटनेट बरूकबरोबर सी-प्लस-प्लसचा ऑनलाइन कोर्सही चालवते. त्यात लपवाछपवी काही नाही, पण यादी वाचणाऱ्याला ठाऊक असावं.)

मुलाने स्वतःची एक्सेल शीट केली होती. हिरव्या-पिवळ्या रंगांची, फार देखणी. नोकऱ्या किती जणांना लागल्या, सुरुवातीचा पगार, प्रवेश किती अवघड, इतर कोर्सवाल्यांचं मत, असे रकाने आणि प्रत्येकाला भारांक. मी म्हटलं, "मत या रकान्याचा भारांक शून्य कर आणि पगाराचा निम्मा." त्याने आकडे बदलले. वरची दोन-तीन नावं जागची हलली नाहीत. त्याखाली मात्र सगळी उलथापालथ झाली आणि त्याचे दोन्ही कोर्स त्याच गर्दीत होते. तो हसायलाच लागला. रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या मॉडेलला "हे गृहीतक कुठून आणलंत?" असं विचारणारा मुलगा, स्वतःच्या आयुष्याचं मॉडेल मात्र न तपासता घरी पाठवून मोकळा झाला होता.

माझं मत विचाराल तर या यादीतला पहिला आणि पंधरावा यांत फरक आहे. सातवा आणि दहावा यांच्यात आहे असं मी मानत नाही.

मग आम्ही क्रमांक सोडून प्लेसमेंट रिपोर्ट उघडले. तिथे वेगळेच प्रश्न पडतात. मीडियन (चढत्या क्रमात बरोबर मधला) पगार दिलाय, पण किती जणांनी पगार कळवला? टक्केवारी सगळ्या वर्गाची की फक्त 'नोकरी शोधणाऱ्यांची'? जॉइनिंग बोनस धरलाय का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पदांची नावं काय आहेत? क्वांट रिसर्चर, रिस्क ॲनालिस्ट आणि डेटा सायंटिस्ट ही तीन वेगळी आयुष्यं आहेत. रिस्क तर तो पुण्यात बसून करतच होता. न्यूयॉर्कचा पगार जास्त दिसतो, पण तिथलं घरभाडंही त्याच पगारातून जातं.

वडिलांना पटलं ते हप्त्याचं गणित. अमेरिकेत अशा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या) कोर्सनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचं एक वर्ष आणि वाढीव दोन, मिळून तीन वर्षं काम करता येतं. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. ती लागेलच असं कुणीही सांगू नये. म्हणून मी प्रत्येक घराला एक आकडा काढायला लावते: मुलगा परत आला आणि मुंबईत किंवा गुरुग्राममध्ये नोकरीला लागला, तर तिथल्या पगारात हा हप्ता निघेल का? काकांनी माझ्यासमोरच दोन्ही कोर्सचे हप्ते मांडले. बँकेतल्या माणसाला आकडा दिला की तो शांत होतो. राहण्याचा खर्च धरल्यावर अटलांटाचा हप्ता झेपणारा निघाला. टँडनच्या हप्त्यासाठी परतल्यावर फारच चांगली नोकरी गृहीत धरावी लागत होती.

जॉर्जिया टेकचा कोर्स बिझनेस स्कूल, गणित आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग असे तिघे मिळून चालवतात, हे मुलाला आधीपासून आवडलेलं होतंच. तरी निर्णयाआधी मी त्याला लिंक्डइनवर आपल्यासारखी माणसं शोधायला सांगितली: भारतातून गेलेली, आयआयटीची नसलेली, दोन-चार वर्षं नोकरी केलेली. दोन्हीकडची. जे बोलले त्यांच्याकडून एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. ऑगस्टमध्ये पोचलं की काही आठवड्यांतच पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या ऑनलाइन टेस्ट सुरू होतात. तोवर कॉलेजने जेमतेम ओळख करून दिलेली असते. त्या टेस्टमध्ये उपयोगी पडतं ते घरून शिकून नेलेलं: प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, कोडिंग.

अटलांटाचं डिपॉझिट त्याने मुदतीच्या आत भरलं. एक्सेल शीट बंद झाली आणि हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये प्रॉबॅबिलिटीची गणितं सुरू झाली. मावशीला काय सांगायचं, ते त्याच्या आईने आपल्याकडे घेतलं.