पगाराचं पान आणि रोस्टरचं पान

तुझा प्रश्न परवा स्टँडबायला, म्हणजे बोलावलं तर उडायला तयार, बसलो असताना वाचला. वेंगुर्ल्याचा तू, ए-३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कोपायलट. हातात अमिरातीतलं ऑफर लेटर, आणि तिकडे तुझ्या कंपनीत पगारवाढीची आणि नव्या रोस्टर पद्धतीची, म्हणजे कुणाला कुठली उड्डाणं द्यायची याच्या वेळापत्रकाची, बोलणी चालू. थांबू की जाऊ, असं विचारलंयस. मी आचऱ्याचा, इथे अमिरातीत येऊन अकरा वर्षं झाली. लायसन्स, मेडिकल, नोटीस पिरियड हे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांत आहे, ते सोडून देतो.

पगार किती मिळेल, हे तू तीनदा विचारलंस. रोस्टर कसं लागतं, हे एकदाही नाही. मीही नव्हतं विचारलं. अरे, आपला पगार म्हणजे बेसिक आणि वर उड्डाणाच्या तासांचे पैसे. तास मोजायचे ते विमान जागेवरून हललं की परत जागेवर थांबेपर्यंत. ब्रीफिंग, दोन उड्डाणांमधला तीन तासांचा खोळंबा, हॉटेलच्या गाडीची वाट बघणं, यातलं काही त्यात धरत नाहीत. तासाचा दर वाढला तरी तुझ्या वाट्याला कुठली उड्डाणं येतात, यावरच सगळं.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हाच वाद झाला. अमिरातीत युनियनला कायद्याची मान्यता नाही, त्यामुळे वाद क्रू रूममध्ये आणि व्हॉट्सअॅपवर. आधी आमचे गट होते, उड्डाणं निवडायचा पहिला मान गटागटाने फिरायचा. नव्या पद्धतीत काँप्युटर सीनियॉरिटीच्या यादीत वरून सुरुवात करतो. वरच्यांनी निवडून जे उरेल ते खालच्यांना. सोबत पगारवाढ. कंपनीने मतं मागवली तेव्हा मी ‘मान्य’वर खूण केली. ओव्हरटाइम किती तासांनंतर सुरू होणार ती मर्यादा दुसऱ्या पानावर वर सरकवली होती. मी ते पान उलटलंच नाही. मुलीच्या फीचा हप्ता तोंडावर होता. शेजारी बसलेला पोरगा म्हणाला होता, “सर, पुढचं वाचा.” तो यादीत तळाला होता. आज महिन्यातले बहुतेक दिवस त्याची गाडी रात्री अडीचला दाराशी येते. त्याच्यासोबत उडताना मी रोस्टरचा विषय काढत नाही.

तूही आलास की तळालाच येशील. कितीही तास अंगावर असोत, कंपनी बदलली की सीनियॉरिटी शून्यापासून.

आणि भारतातलं सगळं टाकाऊ समजू नकोस. आपल्याकडे वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, म्हणून २०२५ मध्ये ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे ६ पर्यंत, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २. डिसेंबरात हजारो उड्डाणं रद्द झाली, काही नियमांना तात्पुरती सूटही मिळाली, हे तू आतून पाहिलंच आहेस. पण तिथे भांडायला जागा आहे. मी इथे कुठे जाऊ?

लग्न झालंय ना तुझं? मग बायकोच्या व्हिसासाठी मॅरेज सर्टिफिकेट आत्ताच काढ. माझं ग्रामपंचायतीचं होतं, हाताने लिहिलेलं. त्यावर बायकोचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. लग्नात नाव बदलतात हे मी तीन खिडक्यांवर समजावलं. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग वकिलातीचा. बायको-मुलगी सात महिने गावी अडकल्या.

तोवर सप्टेंबर उजाडला. आपल्या शाळा जूनला सुरू होतात, इथल्या भारतीय शाळा एप्रिलला. मुलगी चौथीत होती, मराठी माध्यमात, पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. परीक्षा घेतली ती सगळी इंग्रजीत. बाईंनी पेपर माझ्यासमोर ठेवला. गणितं तिने सोडवलीच नव्हती, कारण तिला प्रश्नच कळले नव्हते. समासात मात्र बारीक अक्षरात सतराचा पाढा लिहून ठेवला होता. तिला तिसरीत बसवलं. मी सही केली, कारण त्या रात्री फ्लाइट होती आणि भांडायला वेळ नव्हता. आता ती कॉलेजात आहे, तिला यातलं काही आठवतही नाही. मला तो समास आठवतो. मुलांना आणायचं असेल तर एप्रिलच्या आत आण, आणि सही करायला ड्यूटी नसलेल्या दिवशी जा.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतो, मग सवय होते.

आमच्या गावात गावपळण असते, तुला माहीत असेलच. दर काही वर्षांनी अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं, झोपड्या घालून तीन दिवस तीन रात्री राहतं. मग रामेश्वराचा कौल होतो आणि सगळे घरी परततात. मी आल्यापासून एकही गावपळण मला मिळाली नाही. बंगळुरूच्या फ्लाइटला कधीकधी पहाटेच्या अंधारात किनारा लागतो. आधी समुद्रात मासेमारी बोटींचे दिवे, मग गावांचे. मी कोपायलटला कधी सांगत नाही की खाली बघ.

यंदाची चतुर्थी १४ सप्टेंबरची. रजेचा बिड, म्हणजे पसंतीचा अर्ज, टाकलाय, निकाल यायचाय. आई दर रविवारी फोनवर विचारते, “चतुर्थीक येतलंस मां?” मिळाली रजा तर ये आचऱ्याला. येताना ऑफर लेटर घेऊन ये, दुसऱ्या पानासकट. दोघं मिळून वाचू.