वाचक विचारतात : सेन्सर झोपतो, मग सेल का संपतात?

प्रश्न (नाशिक) : द्राक्षांच्या शीतगृहासाठी टीएमपी१०२ सेन्सर लावून दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारी पेटी तयार केली. बंद अवस्थेत हा सेन्सर फार तर १ मायक्रोअँपिअर घेतो, असं माहितीपत्रकात आहे. तरी तीन एए सेल दोन आठवड्यांत संपतात. सेन्सर खराब असेल का?

उत्तर : सेन्सर बदलण्याआधी हिशेब मांडा. सेलची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास धरली, तर ती ३३६ तासांत संपायला सरासरी ६ मिलिअँपिअर जावे लागतात. टीएमपी१०२ अजिबात न झोपवता सेकंदाला चार वेळा मोजत ठेवला, तरी तो १० मायक्रोअँपिअरच्या आत राहतो. म्हणजे तुमच्या गळतीचा सहाशेवा भागही नाही.

एवढा प्रवाह बहुतेक वेळा बोर्डावरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप, खातो. स्वस्त बोर्डांवर हमखास असणारा एएमएस१११७ स्वतःसाठीच ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, बाकी सगळं झोपलेलं असलं तरी. त्यात पॉवरचा एलईडी सतत पेटलेला असेल, तर तुमचे ६ पूर्ण झाले. एलईडीचा रेझिस्टर काढून टाका आणि रेग्युलेटरच्या जागी एमसीपी१७०० बसवा. त्याचा स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर आहे. दोन्हींच्या पायांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा जुन्याच जागी डोळे झाकून डकवू नका. इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

एवढं करूनही सेल तीन-चार महिन्यांतच उतरले, तर सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर (पेटीचा प्रोग्रॅम चालवणारी चिप) यांना जोडणाऱ्या एसडीए आणि एससीएल या तारा पाहा. त्यांना ४.७ किलोओहमचे पुल-अप, म्हणजे तार पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारे रेझिस्टर, असतात. मायक्रोकंट्रोलर झोपताना एखादी पिन लो, म्हणजे शून्य व्होल्टला, राहिली, तर ३.३ व्होल्टला त्या एकाच रेझिस्टरमधून ०.७ मिलिअँपिअर वाहत राहतो. झोपण्यापूर्वी दोन्ही पिना इनपुट करा. सेन्सरच्या अलर्ट पिनचंही तसंच : ती ओपन-ड्रेन आहे, म्हणजे तार फक्त खाली ओढू शकते; इशारा लागू असेपर्यंत लो राहते आणि तेवढा वेळ तिच्या पुल-अपमधून प्रवाह जातो.

आता सेन्सर. टीएमपी१०२ आपणहून झोपत नाही. वीज मिळताच सतत मोजायला लागतो. त्याच्या कॉन्फिगरेशन रजिस्टरमध्ये (सेटिंग साठवणाऱ्या जागेत) एसडी बिट १ केला की तो बंद अवस्थेत जातो. नोंदीच्या वेळी एसडी १ ठेवूनच ओएस बिटमध्ये १ लिहा. तो एकदाच मोजतो आणि पुन्हा झोपतो. मोजणीला साधारण २६, जास्तीत जास्त ३५ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ मायक्रोकंट्रोलरला डिलेमध्ये जागं ठेवू नका, टायमर लावून त्यालाही झोपवा, कारण जागेपणी तो सेन्सरच्या कित्येक पट प्रवाह घेतो. उठल्यावर पॉइंटर (कोणतं रजिस्टर वाचायचं ते सांगणारा आकडा) शून्यावर, म्हणजे तापमानाच्या रजिस्टरवर, आणून दोन बाइट वाचा. ओएस लिहिल्या लिहिल्या वाचलंत, तर मागचंच तापमान हाती येतं. दहा मिनिटांच्या नोंदीत ही चूक लवकर लक्षातही येत नाही.

खात्रीसाठी सेलच्या तारेत मल्टीमीटर लावा. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरमध्येच इतका व्होल्टेज पडतो की बोर्ड जागा होताना रिसेट होतो. म्हणून आधी मीटरच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडा, बोर्ड झोपला की तो काढा आणि मग आकडा पाहा.

प्रश्न (पुणे) : डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर कधी ८५ अंश दाखवतो, कधी नेमकं ०. दोन्ही खरं नाही. काय बघू?

उत्तर : वीज आल्यावर या चिपच्या रजिस्टरमध्ये ८५ हाच आकडा असतो. पहिल्याच वाचनात तो दिसला, तर मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं गेलं. १२ बिटच्या बारकाव्याने मोजायला ७५० मिलिसेकंद थांबावं लागतं, ९ बिटला ९४. अर्ध्या अंशाच्या टप्प्यांनी आलेलं तापमान पुरत असेल तर ९ बिटच ठेवा. मोजताना चिप १ मिलिअँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे ऊर्जा आठव्या हिश्शावर येते.

८५ मधूनच येत असेल, तर वीज तुटते आहे. चिप डेटाच्या तारेतूनच वीज घेते अशा दोन तारांच्या जोडणीत हे फार होतं. ४.७ किलोओहममधून १ मिलिअँपिअर नेला, तर ४.७ व्होल्ट रेझिस्टरमध्येच पडतात, चिपला उरतं काय? मोजणीचा हुकूम दिल्यावर १० मायक्रोसेकंदांत मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तार थेट पुरवठ्याला जोडावी लागते. त्यापेक्षा तिसरी तार ओढा, कटकट संपते.

शून्य जास्त फसवं आहे. डेटाची तार ग्राउंडला टेकली की नऊच्या नऊ बाइट शून्य वाचले जातात आणि सगळ्या शून्यांचा सीआरसीही (वाचन बिघडलं नाही ना ते तपासणारा बाइट) शून्यच येतो, म्हणून तपासणी बिनबोभाट पास होते. चिपचा कॉन्फिगरेशन बाइट कधीच शून्य नसतो. तो शून्य दिसला, तर ती नोंद टाकून द्या.

प्रश्न (रत्नागिरी) : मासळीच्या फ्रीझरमध्ये टीएमपी१०२ उणे अर्ध्या अंशाला २५५.५ दाखवतो. हाच प्रोग्रॅम आर्डुइनो ऊनो बोर्डावर बरोबर चालत होता, ईएसपी३२ बोर्डावर चुकतो.

उत्तर : ऊनोवर इंट (प्रोग्रॅममधला पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा असतो, म्हणून सर्वांत वरचा बिट आपोआप उणे चिन्ह ठरतो. ईएसपी३२ वर तो ३२ बिटांचा, तिथे तोच बिट साधा आकडा समजला जातो. दोन्ही बाइट जोडून १६ बिटांच्या साइन्ड (उणे आकडे धरणाऱ्या) चलात ठेवा आणि २५६.० ने भागा. दोन्ही बोर्डांवर उणे ०.५ येईल.