जुन्या रायफलीचं दुखणं बहुधा लाकडात असतं

जुनी लष्करी रायफल किंवा तिच्या जातकुळीतली बंदूक घरात असलेल्यांचे प्रश्न या महिन्यात बरेच आले. निम्म्यांना एकच विचारायचं होतं, की नवीन काय बसवू? मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर होतो, आता देवळाली कॅम्पात तोफांच्या आवाजानं खिडक्या थरथरतात तिथं राहतो. माझं उत्तर आधीच सांगतो: बसवू काहीच नका, आहे ते आधी उघडून बघा.

प्रश्न : आजोबांची .३१५ रायफल वारसानं माझ्या परवान्यावर आली. पूर्वी ५० मीटरवर सगळ्या गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसायच्या म्हणे. आता जेवणाचं ताट पुरत नाही. बॅरल गेलं का? – द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, बॅरलवर, म्हणजे नळीवर, लगेच आळ घेऊ नका. बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची .३१५ (हा आकडा इंचातला नळीचा व्यास) म्हणजे लष्कराच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचीच चुलत बहीण. फौजेची .३०३ गोळी लोकांच्या हाती जाऊ नये असं इंग्रजांना वाटे, म्हणून नागरिकांसाठी ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफलीचं जुनं ८ मिलिमीटरचं काडतूस रूढ झालं. यंत्रणा मात्र तीच राहिली, आणि तिची खोडही तीच.

या घराण्यात लाकडाचे दोन तुकडे असतात, मागचा बट आणि पुढचं लाकूड. धक्का बसतो तो पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला. आता आजोबांची सवय आठवा. रायफलीला भरपूर तेल पाजायचं आणि नळी वर करून कोपऱ्यात उभी करायची, हो ना? ते तेल वर्षानुवर्षं खाली ओघळत नेमकं त्याच टोकात मुरतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं, दर गोळीला थोडं चेपतं. मग प्रत्येक वेळी रायफल वेगळ्या जागी टेकते आणि गोळ्या पांगतात.

आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी तपासा. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा मागचा सरकता दांडा, काढून बाजूला ठेवा. पुढचं लाकूड मुठीत धरून मागेपुढे हलवा. किंचित जरी खटखट झाली तरी रोग सापडला. नाही झाली, तर नळी वर करून बट जमिनीवर टेकवा. लाकूड जिथं संपतं तिथं डाव्या हाताची बोटं अशी ठेवा की अर्धी लाकडावर, अर्धी बॅरलवर येतील. उजव्या हातानं ट्रिगर गार्डचा (घोड्याभोवतीच्या कड्याचा) पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बॅरल लाकडापासून सरकल्याचं बोटांना कळलं, तर स्क्रूच्या जोरावर सगळं वाकवून बसवलेलं आहे.

लाकूड हवा खातं, हेही धरून चाला. निफाडच्या थंडीत आकसलेलं लाकूड आषाढात इगतपुरीला न्या, फुगून बॅरलला चिकटतं. म्हणून डिसेंबरचा नेम जुलैत शोधू नये.

स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसू नका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ‘थोडं मोकळं करतो’ म्हणत मी एक चांगलं लाकूड इतकं घासलं की ते फेकावं लागलं. उस्ताद एवढंच म्हणाले, ‘लकडी काटना आसान है, जोडना नहीं.’ परवानाधारक कारागिराकडून चेपलेला भाग काढून तिथं कडक लाकडाचा तुकडा किंवा तांब्याची पातळ पट्टी बसवून घ्या. ऑस्ट्रेलियात याच रायफली बनवणाऱ्या लिथगोच्या कारखान्यातही लाकूड मऊ म्हणून तांब्याचे तुकडे बसवत. आणि तेल लावल्यावर रायफल काही दिवस नळी खाली करून ठेवा.

प्रश्न : सर, मी शाळेत एनसीसी बघते. जुने उस्ताद फायरिंगनंतर बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायचे म्हणतात. लोखंडात पाणी? – शिक्षिका, नाशिक रोड

बरोबर करायचे, मॅडम. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळालं की नळीत मिठाच्या नात्यातला क्षार उरतो. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, तसाच हा हवेतलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत गंज धरतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडी चिंदी आणि शेवटी तेल. नुसतं तेल फासणं म्हणजे क्षारावर पांघरूण घालणं. तुमच्या .२२ रायफलीच्या आजच्या काडतुसांना याची गरज नाही.

फुलथ्रूकडे, म्हणजे नळीतून चिंदी ओढायच्या दोरीकडे, मात्र लक्ष द्या. पोरं घाईत दोरी तिरकी ओढतात आणि ती नळीच्या तोंडाला एकाच बाजूनं घासते. गोळीचा रायफलीशी शेवटचा संबंध तिथंच येतो. तोंडाची कड झिजली की बाकी नळी आरशासारखी असूनही उपयोग नाही. कापसाचा बोळा त्या कडेवरून गोल फिरवा. जिथं तंतू अडकतील तिथं खरवड आहे.

प्रश्न : पोलिसांच्या .३०३ आता निवृत्त होतायत. एखादी स्वस्तात मिळेल का? – सातपूर

नाही. .३०३ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, साध्या परवान्यावर चालत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला, ते फोटो बघून हा प्रश्न मला दहा जणांनी विचारलाय. आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात.

प्रश्न : जावई टेक्ससला असतात. तिथं त्यांनी ‘ईशापूर’ छापाची जुनी भारतीय फौजी रायफल घेतली. पहिल्या दोन गोळ्या ठीक, पुढच्या भरकटतात. – निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर

ही बहुधा २ए१ असणार. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरनं जुन्या ली-एनफिल्डचाच आराखडा घेऊन, पोलाद सुधारून ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी ती बनवली. तिचं मागचं साइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, ८०० मीटरपर्यंतच आखलेलं असतं, त्यावरून ओळखा.

बॅरल तापल्यावर गोळ्या भरकटतात म्हणजे ते लाकडाला कुठंतरी नको तिथं टेकतंय. जावईबापूंना विचारा, साफसफाईसाठी रायफल पूर्ण खोलली होती का? लाकडाच्या पुढच्या टोकावरच्या धातूच्या टोपीजवळ लाकडात एक छोटी स्प्रिंग आणि खुंटी असते, ती बॅरलला खालून हलका रेटा देते. हरभऱ्याएवढा ऐवज, खोलताना हमखास टेबलाखाली जातो. रायफल पुन्हा जुळवून होते, बोल्ट चालतो, कुणाला काही उणं वाटत नाही. फक्त नेम जातो.

एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या गोळ्या वापरायला सांगा. ७.६२ नाटो आणि बाजारातली .३०८ दिसायला जुळ्या असल्या तरी मोजमापं तंतोतंत एक नाहीत. आधी तिथल्या गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे काडतूस आत बसल्यावर त्याच्या मागे बोल्टपर्यंत किती मोकळीक राहते ती, मोजून घ्यावी.

प्रश्न : माझ्या .३१५ च्या पाचही गोळ्या जवळजवळ बसतात, पण ५० मीटरवर सगळ्या १० सेंटिमीटर डावीकडे. दुर्बीण लावू का? – सिन्नर

दुर्बिणीसाठी जुन्या पोलादाला भोकं पाडू नका. पाच गोळ्या एकत्र येतायत म्हणजे रायफल निरोगी आहे, फक्त साइट सरकलंय. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर टेपनं मोजा. ते ५० सेंटिमीटर असेल, तर पुढचं साइट १ मिलिमीटर हलवल्यावर ५० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर सरकते. गोळ्या जिकडे जातायत तिकडेच पुढचं साइट ढकलायचं, म्हणजे तुमच्या बाबतीत डावीकडे. इथं निम्मे लोक उलटं करतात आणि २० सेंटिमीटरवर जाऊन मला फोन करतात. रायफल रिकामी करा, आधी टोकदार पेन्सिलीनं साइट आणि पायथ्यावर मिळून एक उभी रेघ मारा, मग पितळी पंच लावून हलकी टिचकी. रेघ तुटली की किती सरकलं ते दिसतं, आणि चुकलंच तर परत कुठं यायचं तेही.