नव्या विभागप्रमुखांना, पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी

विभागाची जबाबदारी तुमच्याकडे आली, मनापासून आनंद झाला. एकच विनंती, पहिल्याच वर्षी नवा अभ्यासक्रम काढायची घाई नको.

आधी ऑन जॉब ट्रेनिंगकडे, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायच्या प्रशिक्षणाकडे, बघा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे दोन वर्षांच्या एम.ए., एम.एस्सी.ला ८८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यांतले ४ या प्रशिक्षणाचे, तेही पहिल्याच वर्षी. श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास बाहेर काम. जागा कोण शोधणार? मुलांवर सोडलं, तर शहरात ओळखी असलेल्यांचं जमतं आणि तालुक्याहून आलेली मुलगी कुठून तरी सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र आणते. आमच्या विभागात हे झालंय, अजून टोचतं. दिवाळीआधीच माजी विद्यार्थ्यांना फोन लावायला घ्या.

पीएच.डी.च्या जागांचा हिशेब मांडून ठेवा. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे बऱ्याचदा उशिरा लक्षात येतं.

प्रवेश वाढवायचे तर जाहिरातीवर विसंबू नका. जानेवारीत आसपासच्या महाविद्यालयांत तृतीय वर्षाच्या वर्गांवर जा आणि सोबत तुमची एखादी विद्यार्थिनी न्या. वसतिगृह, मेस, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज, हे सगळं मुली तिलाच विचारतात.

आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं मानधन निघालं का, ते दर महिन्याला स्वतः लेखा विभागात जाऊन विचारा. निम्मे वर्ग तेच सांभाळत असतात.