साखर वितळते की विरघळते?

प्रश्न असा: ‘सरबतात साखर लवकर वितळत नाही’ हे बरोबर आहे का, आणि ती लवकर का वितळत नाही?

बरोबर नाही. बर्फ, तूप, मेण वितळतं. त्याला नुसती उष्णता पुरते. साखर वितळवायची तर ती कोरड्या कढईत टाका, १८० अंशांच्या आसपास पातळ होईल आणि लगेच करपायला लागेल. पाण्यात ती विरघळते. कोशात दोन्ही शब्द एकमेकांसमोर दिलेले दाखवून ‘म्हणजे चालतं’ म्हणणाऱ्यांनी गार पाण्यात मेण घालून चमचा फिरवत बसावं.

खरी मजा ‘साखर’ या शब्दात आहे. संस्कृत शर्करा, प्राकृत सक्करा, आपली साखर. शर्करेचा मूळ अर्थ गोड नाहीच. तो आहे खडे, जाड वाळू. सुश्रुतसंहितेत मुतखड्याचे बारीक कण म्हणजे शर्करा. पालीतल्या ‘सक्खरा’चेही दोन्ही अर्थ, खडा आणि साखर. हाच शब्द पुढे फारसी-अरबीतून ‘शुगर’ झाला. म्हणून ‘खडीसाखर’ म्हणजे अर्थाने खड्यांचे खडे! तिच्यातली ‘खडी’ हिंदीतली ‘उभी’ आहे असं सांगणाऱ्यांनी रस्त्यावरच्या खडीकडे एकदा बघावं.

आणि साखर किती लवकर विरघळते, तेही खड्यावरच तर आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या खड्याला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच एक मिलिमीटरचे हजार कण केले की तो ६० होतो, म्हणजे पाणी दहापट जागी भिडतं. पिठीसाखर म्हणूनच झटपट विरघळते. पण एकदम ओतली तर गुठळी होते, बाहेर चिकट पाक आणि आत कोरडी पूड. भुरभुरत घालावी.

राहिलं ढवळणं. कणाभोवती दाट पाकाचा थर साचतो, तो चमच्याने हटतो. याने वेग वाढतो, पण पाण्यात मावणारी साखर वाढत नाही. ती वाढते उष्णतेने: २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात साडेचारशेच्या वर. सरबतात इतकी साखर कोणी घालत नाही. तिथे अडतो तो फक्त वेग, आणि गार पाण्यात तोच मंदावतो. तेव्हा साखर आधी, बर्फ नंतर. बर्फ आधी पडला की दाणे तळाशी बसतात आणि मग ‘वितळत नाही’ अशी तक्रार येते.